मागचे ब्रेक ड्रम पुन्हा लंबगोल: दोष हबचा नाही, बिडाचा (कास्ट आयर्नचा) आहे

माझ्या पिकअपचा ब्रेक दाबला की पेडल धडधडते. मागच्या नोंदीत या धडधडीचा संशय मी हबवर, म्हणजे चाक आणि ब्रेक ड्रम ज्यावर बसतात त्या भागावर, ठेवला होता. तो संशय आता फिटला आहे. डाव्या मागच्या चाकाचा नवा ड्रम (चाकाबरोबर फिरणारा बिडाचा डबा, ज्याला आतून शू दाबले की ब्रेक लागतो) ठाण्याजवळच्या गायमुख घाटाच्या उतारावर चांगला तापला आणि रात्रभर थंड होऊ दिल्यावर ०.२१ मि.मी. लंबगोल निघाला. बसवण्यापूर्वी त्याच ड्रमच्या आतल्या व्यासात हा फरक जेमतेम ०.०३ मि.मी. होता. हब, स्टड, नटांचा ताण किंवा बेअरिंग यांच्याकडे आता बोट दाखवता येत नाही. ड्रम स्वतःच आकार बदलतो आहे. ज्या एका दोषापायी ही पिकअप गेल्या पावसाळ्यापासून शेडबाहेर फारशी पडलेली नाही, तो दोष पहिल्यांदाच आकड्यांत पकडता आला, याचे मला मोठे समाधान आहे.

वाट दाखवली ती धडधडीच्या लयीने. धडधड मागून येते हे हँडब्रेकने आधीच ठरले होते. मोकळ्या आवारात गाडी हळू चालवत, हँडब्रेकचे बटण दाबून धरून दांडा सावकाश ओढला, की फक्त मागचे शू काम करतात. तेव्हाही गाडी तशीच हिसके देत होती. यावेळी टायरवर खडूची खूण केली, मित्राला बाजूने चालायला लावले आणि चाकाच्या एका फेऱ्यात हिसके किती येतात ते मोजले. एका फेऱ्यात दोन हिसके येत होते. ड्रम केवळ केंद्रापासून सरकलेला असेल, तर एक शू बाहेर ढकलला जातो तेव्हा समोरचा आत येतो, शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधले दोन्ही पिस्टन एकाच दिशेला सरकतात आणि पेडलला फारसे काही कळत नाही. ड्रम लंबगोल असेल, तर दोन्ही शू एकाच वेळी आत दाबले जातात आणि एकाच वेळी बाहेर पडतात, तेही एका फेऱ्यात दोनदा. सिलिंडरमधले ऑइल मागे ढकलले जाते आणि पाऊल वर उचलले जाते. आपल्यापैकी अनेक जण ड्रमच्या बाहेरच्या कडेला डायल गेज (काट्याचे मापयंत्र) टेकवून रनआउट, म्हणजे फिरताना ती किती डुलते ते, पाहतात आणि ड्रम ठीक असल्याचे ठरवतात. त्या पद्धतीने आतला लंबगोलपणा सापडत नाही. गेज आतल्या घर्षणपृष्ठावरच टेकवला पाहिजे आणि काटा एका फेऱ्यात एकदा हलतो की दोनदा, हे पाहिले पाहिजे.

त्यानंतर नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या एका टूलरूममधून मित्राने बोअर गेज (आतला व्यास मोजण्याचे साधन) मिळवून दिला आणि चित्र पूर्ण झाले. चार दिशांनी, तेही ड्रमच्या तोंडाशी आणि तळाशी अशा दोन खोलींवर व्यास घेतले. जिथे व्यास सर्वांत कमी होता, नेमक्या त्याच दोन समोरासमोरच्या जागी निळसर काळे डाग पडले होते. अरुंद भाग शूवर जास्त घासतो, तिथेच उष्णता साठते आणि बीड सुमारे सातशे अंशांच्या वर जाऊन झटकन थंड झाले, की त्या ठिपक्यापुरती मार्टेन्साइट नावाची रचना तयार होते. ती आजूबाजूच्या बिडापेक्षा कितीतरी कडक असते. आधीच्या जोडीला लेथवर टर्निंग करून (आतून कापून गोल करून) घेतल्यावरही धडधड थोड्याच दिवसांत परत का आली, याचा उलगडा इथे झाला. साध्या टूलने कापताना धार कडक ठिपक्यावरून उडी मारते आणि तिथे सूक्ष्म उंचवटा राहतो. वागळे इस्टेटमधल्या ज्या काकांकडे मी ड्रम देतो, त्यांनी हे तेव्हाच सांगितले होते की, डाग पडलेला ड्रम कापायचा नसतो, ग्राइंड करायचा असतो, आणि डाग खोल असतील तर तो भंगारात टाकायचा असतो. त्यांच्या हाताइतका भरवसा मला कोणत्याही छापील माहितीपत्रकाचा वाटत नाही.

इतर कारणे वगळण्यासाठी घेतलेली काळजीही नोंदवून ठेवतो, कारण प्रश्न येणारच आहेत. हबचा माथा तारेच्या ब्रशने घासून लख्ख केला. आपल्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तिथे गंजाचे पापुद्रे हटकून धरतात आणि ड्रम तिरका बसतो. हबचा रनआउट ०.०४ मि.मी. भरला. नट टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळले. टायरवाल्याच्या हवेच्या गनने आवळलेले नट हेही ड्रम पिळवटण्याचे एक खरे कारण आहे. घाटातून आल्यावर हँडब्रेक अजिबात ओढला नाही आणि चाकांना लाकडी ठोकळे लावले, कारण तापलेल्या ड्रमवर शू दाबून ठेवले तर तो थंड होताना त्याच आकारात बसतो. एवढे सगळे करूनही ०.२१ आले.

मग ड्रम आकार का बदलतो? ओतकाम साच्यात असमान थंड होते, तेव्हा पातळ भाग आधी घट्ट होतो, जाड भाग नंतर आकसतो आणि आत ताण अडकून राहतो. चांगल्या फाउंड्रीत ओतकाम सावकाश थंड होऊ देतात, गरज असेल तर भट्टीत ताणमुक्त करतात आणि त्यानंतरच मशीनवर चढवतात. घाईत ओतून, लगेच कापून, रंग मारून खोक्यात घातलेला ड्रम दुकानात मापाने अचूकच असतो. त्याचा ताण सुटतो तो पहिल्यांदा खरोखर तापल्यावर, म्हणजे आपल्या गाडीवर. गाडीसोबत आलेला मूळ उजवा ड्रम इतक्या वर्षांनी आणि अर्धा मिलीमीटर झिजल्यावरही ०.०४ मि.मी.च्या आत गोल आहे. त्यावर फाउंड्रीची खूण, हीट नंबर (ओतकामाच्या घाण्याचा क्रमांक) आणि कमाल व्यास (झिजेची मर्यादा) हे तिन्ही ओतीव अक्षरांत आहेत. नव्यावर यांतले काहीही नाही. खोक्यावर मात्र चमकदार होलोग्राम आहे.

वजनाकडे मी यावेळी मुद्दाम लक्ष दिले. मूळ ड्रम १०.४ किलो, नवा ९.२ किलो. मूळ ड्रम झिजलेला असूनही भारी आहे, हे लक्षात घ्यावे. अडीच टन भरलेली पिकअप ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. त्यातली चाळीस टक्के मागच्या ब्रेकवर आली असे धरले, तर प्रत्येक ड्रमच्या वाट्याला सत्तरेक किलोज्यूल येतात. त्यातून मूळ ड्रम एका थांब्याला साधारण साडेतेरा अंश तापतो आणि नवा पंधरा अंश. एका थांब्याचा फरक क्षुल्लक वाटेल. पण घोडबंदर रस्त्यावर माल भरून, सिग्नलमागून सिग्नल घेत जाणाऱ्या गाडीत तो साठत जातो, शिवाय पातळ भिंत दाबाखाली जास्त वाकते. वाचवलेले ते सव्वा किलो बीड हीच त्या कारखान्याची बचत आहे, आणि तिची किंमत ब्रेक दाबणारा माणूस मोजतो. याबद्दल मला मनापासून राग आहे. सीट कव्हर किंवा आरसा निकृष्ट निघाला तर माणूस चडफडतो. ब्रेक ड्रम निकृष्ट निघाला तर तो उतारावर असतो.

पहिली जोडी ज्या दुकानातून घेतली होती, तिथे ही मापे दाखवली, तेव्हा ‘सगळ्यांचे असेच येते’ एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या दुकानातून, वेगळ्या नावाच्या खोक्यात आणलेला ड्रम ओतकामाच्या खुणांवरून त्याच साच्यातला निघाला. त्यामुळे खोक्यावरचे नाव पाहून खरेदी करण्याचा सल्ला मी यापुढे कोणालाही देणार नाही. दुकानात वजनकाटा मागा, कमाल व्यास ओतलेला आहे का पाहा आणि भिंतीची जाडी कॅलिपरने चार जागी मोजा. दुकानदार नाही म्हणाला, तर ते दुकान सोडा.

एक छोटा विजयही झाला. उजव्या बाजूचा गंजलेला ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायची तोटी) न तुटता सुटला. दोन दिवस गंज सोडवणारे तेल मुरवले, मग हलक्या ठोक्यांनी, आधी आवळण्याच्या दिशेने किंचित आणि मग सोडण्याच्या दिशेने फिरवला. त्याच बैठकीत व्हील सिलिंडरची रबरे बदलली आणि नवे डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल भरून हवा काढली. पेडल आता उंच आणि घट्ट आहे. जुन्या शूंची धूळ मात्र कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका.

पुढचा बेत असा होता की, भंगार बाजारातून मूळ बनावटीचे, झिजेच्या मर्यादेतले दोन ड्रम शोधायचे. ही नोंद लिहिता लिहिता दुसरी कल्पना सुचली आणि आता ती आधी करून पाहणार आहे. ताण घाटात सुटतोच, तर तो आधी भट्टीत का सोडवू नये? बीड ताणमुक्त करण्यासाठी साधारण ५५० अंशांपर्यंत सावकाश तापवतात, दर २५ मि.मी. जाडीला तासभर या हिशेबाने धरून ठेवतात आणि भट्टीतच निवू देतात. महापे-रबाळे पट्ट्यात हीट ट्रीटमेंटची कामे घेणाऱ्या भट्ट्या आहेत. इतर कामांच्या फेरीत एक न वापरलेला ड्रम ठेवून घेतील का, हे विचारणार आहे. तो बाहेर आल्यावर लंबगोल होईलच. मग हबवर बसवूनच लेथवर चढवून आतून किमान कापून गोल करायचा. व्यास अर्धा मिलीमीटर वाढला, तर शूची लायनिंगही त्याच वर्तुळाला घासून जुळवावी लागेल, नाहीतर शू फक्त मधोमध टेकेल. कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीत आयएस २१० या भारतीय मानकातल्या एफजी २२० प्रतीच्या बिडात ड्रम ओतून घ्यावेत, असे मागे काही जणांनी सुचवले होते. पॅटर्न, तपासणी आणि चाचणीची सोय नसताना ब्रेकचा भाग हौसेखातर ओतून रस्त्यावर आणणे मला पटत नाही, म्हणून तो मार्ग मी बंद ठेवला आहे.

भट्टीतून ड्रम आला की आधीची आणि नंतरची मापे याच क्रमाने देईन, आणि घाटातली चाचणी त्याच भाराने, त्याच उतारावर घेईन. दरम्यान, ज्यांच्याकडे मूळ ड्रम शिल्लक आहेत, त्यांनी त्यांचे वजन, भिंतीची जाडी आणि चार दिशांचे व्यास मोजून कळवावेत. टर्निंग झालेले असेल, तर तेही नमूद करावे.