आंबा घाट उतरला की एक्सिलरेटर बंद

गाडी सुरू होत होती, गिअर पडत होता, पण एक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन जेमतेम दीड हजार आरपीएमवर गुरगुरत राहायचं. डॅशवरचा इंजिनचा चेक लाइट पेटलेला. किल्ली बंद करून थोडा वेळ थांबलं की कधी ठीक व्हायचं, कधी नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून कोल्हापूरला मासळी नेणाऱ्या एका मावशींची ही छोटी पेट्रोल गाडी. मागची सीट काढून तिथे बर्फाचे क्रेट. चालवायला मुलगा. आंबा घाटाच्या पायथ्याशी ती पुन्हा अडली, तेव्हा पहिल्या गिअरमध्ये रांगत रांगत त्यानं ती पालीपर्यंत, माझ्या गॅरेजपर्यंत आणली. मागे ट्रक हॉर्न मारत होते. पोरगा घामानं भिजलेला.

याआधी दुसरीकडे थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ करून झाली होती, मग नवीन बसवून झाली. मोठा खर्च आणि दुखणं तसंच. मला याची चीड येते. स्कॅनरवर बिघाडाचा कोड होता पी २१३८. तो थ्रॉटलचा नव्हे, पेडलचा. थ्रॉटलच्या आतल्या दोन सेन्सरांचं जुळलं नाही तर सहसा पी २१३५ येतो. कोड नीट वाचला असता तर मावशींचे पैसे वाचले असते.

आताच्या गाड्यांत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल नसते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, दोघांना ईसीयूकडून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडून, पाच-पाच व्होल्ट मिळतात आणि पाय किती दाबला हे दोघंही वेगवेगळ्या वायरींवरून कळवतात. या गाडीत दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या निम्मा असायला हवा. एकाच घटनेचे हे दोन साक्षीदार. जबानी जुळली नाही तर ईसीयू कुणावरच विश्वास ठेवत नाही, कारण चुकीच्या सिग्नलवर थ्रॉटल उघडला तर गाडी आपोआप सुसाट सुटेल. म्हणून तो थ्रॉटल उघडणाऱ्या मोटरचा करंट तोडतो आणि स्प्रिंग थ्रॉटलची चकती जराशी उघडी धरते. रांगत घरी जाता येईल एवढीच. म्हणजे गाडी बिघडून अडत नव्हती, जपून अडत होती. मला खोटा साक्षीदार शोधायचा होता.

पण गॅरेजात सगळं बरोबर! पाय वर असताना ०.७५ आणि ०.३७ व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर ३.९ आणि १.९५. पेडलचा कनेक्टर हलवला, वायरी ओढून पाहिल्या. आकडे जागचे हलेनात. पेडल बदलून पाहावं असं कुणालाही वाटलं असतं. मी मुलाला विचारलं, "नक्की कधी होतं रे?"

तो म्हणाला, "दादा, जाताना कधीच नाय. येतानाच. घाट उतरलो की."

मावशी मागून म्हणाल्या, "माल भरलेला असताना गप असते, रिकामी झाली की नखरे."

जाताना चढ, येताना उतार. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट दाबलं तर फसकन पाणी आलं आणि वासानं बाकीचं सांगितलं. क्रेटमधून बर्फाचं खारट, रक्ताळलेलं पाणी गळत होतं. चढाला ते मागे राहायचं, उताराला पुढे यायचं. मग मी गाडीचं मागचं अंग जॅकनं उचललं, स्टँड लावले, स्कॅनरवर दोन्ही सिग्नलचा ग्राफ उघडा ठेवला आणि चहा मागवला. ग्लास संपायच्या आत दुसरी रेघ वर सरकायला लागली. पेडलला कुणाचा पायही नव्हता. ०.३७ चे ०.५ झाले, मग ०.६, आणि चेक लाइट पेटला. मावशींनी तो डोळ्यांनी पाहिला. मला तेच हवं होतं.

बॅटरी काढली आणि दाराखालची सिलची पट्टी व कार्पेट उचललं. खालचा नमदा भिजून चिंब. त्यात टेपनं गुंडाळलेला वायरींचा जुडगा. पूर्वी उंदरांनी डॅशखालच्या वायरी कुरतडल्या होत्या, तेव्हा कुणीतरी पीळ मारून जोडल्या, वर टेप लावला आणि वाढीव लांबी कार्पेटखाली सारून दिली. टेप सोडला तर आत तांब्यावर हिरवा कळंक. पाच व्होल्टची वायर आणि दुसऱ्या सिग्नलची वायर शेजारी शेजारी, मध्ये खारं पाणी. त्यातूनच थोडा करंट सिग्नलमध्ये पाझरत होता आणि आकडा फुगत होता.

इथे नुसता नवा टेप लावून चालत नाही. खारं पाणी इन्सुलेशनच्या आत, तांब्याच्या तारांमधून पुढे चढतं. मी प्रत्येक वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत गेलो, वीतभर तरी गेली. मग त्याच जाडीच्या नव्या वायरी, सोल्डर, वर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट श्रिंक नळी. सांधे एकाच जागी येऊ दिले नाहीत, मागेपुढे ठेवले. सगळा जुडगा वर डॅशच्या ब्रॅकेटला बांधला. बाजूच्या पॅनलमागचा अर्थिंगचा बोल्ट घासून घेतला, सीटखालचे एअरबॅगचे पिवळे कनेक्टर तपासले. ते कोरडे निघाले. फरशी गोड्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवली, नमदा फेकून दिला.

मग पुन्हा मागचं अंग उचललं आणि फरशीवर मुद्दाम पाणी ओतलं. दोन्ही रेघा जागच्या जागी. कोड पुसला, मुलाला शेजारी बसवून साखरप्याच्या पुढे, घाट अर्धा चढून उतरून आलो. एक्सिलरेटर पायाबरोबर बोलत होता.

क्रेटखाली उंच काठाचा पत्र्याचा ट्रे करून घ्यायला सांगितलं, कोपऱ्यात नळी जोडून पाणी थेट गाडीबाहेर. जुनी थ्रॉटल बॉडी मावशींनी खोक्यात जपून ठेवली होती. ती मीटरवर लावून पाहिली. चकती उघडताना एका सेन्सरचा आकडा चढता, दुसऱ्याचा उतरता, तिथे तसाच हवा; दोन्ही एकदम साफ. ती तशीच ठेवा म्हटलं, पुढेमागे खरंच लागली तर तीच बसवू.