विजेच्या बिलावरची नदी

आमच्याकडे विजेचं बिल येतं त्यावर एका नदीचं नाव आहे. पेडर्नालेस इलेक्ट्रिक कोऑपरेटिव्ह. टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या उत्तरेला लिअँडर नावाचं गाव आहे, तिथे आम्ही घर घेतलं. पहिलं बिल हातात आलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, ही तर सहकारी संस्था आहे!" श्रीरामपूरजवळ आजोळ असलेल्या मुलीला 'सहकारी' हा शब्द कुठल्याही भाषेत, कुठल्याही कपड्यांत ओळखू येतो. साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, सोसायटी. पण अमेरिकेत? शेजारच्या आजोबांना विचारलं तर ते आधी माझा उच्चार ऐकून हसले. स्पेलिंग काहीही असो, इथले लोक त्या नदीला 'पर्डनॅलिस' म्हणतात. मग म्हणाले, ही वीज लिंडन जॉन्सनने आणली, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच, त्याच्या आधी इथे नुसता काळोख होता.

म्हातारी माणसं असं बोलतातच, म्हणून मी ते सोडून दिलं.

इथला इतिहास वाचायचा असा संकल्प मी अमेरिकेत आल्यापासून दोनदा केला होता आणि दोनदा मोडला होता. वॉशिंग्टन झाला, जेफरसन झाला. पुस्तकं चांगलीच होती, पण माणसं संगमरवराची. शाळेत सनावळ्या पाठ करायचो तसं व्हायला लागलं, फरक एवढाच की पुढे पेपर नव्हता. मग एकदा लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत एक डॉलरला एक वीट मिळाली. रॉबर्ट कॅरो यांनी लिहिलेल्या जॉन्सनच्या चरित्राचा पहिला खंड, 'द पाथ टू पॉवर', १९८२ सालचा, आठशेहून जास्त पानांचा. विकत घेण्याचं कारण फक्त बिलावरची नदी.

त्यात एक प्रकरण आहे, 'द सॅड आयर्न्स'. हे 'सॅड' म्हणजे दुःखी नव्हे. जुन्या इंग्रजीत सॅड म्हणजे भरीव, जड. तर या जड इस्त्र्या. चुलीवर तापवायच्या, कपड्यांवरून फिरवायच्या, थंड झाली की दुसरी उचलायची. प्रत्येकी सहा-सात पौंडांची. टेक्सासच्या उन्हाळ्यात दिवसभर पेटत्या चुलीशेजारी उभं राहून. सोमवार धुण्याचा, मंगळवार इस्त्रीचा. मी ज्या डोंगराळ भागाच्या कडेला राहते त्या 'हिल कंट्री'तल्या शेतकरी बायका १९३०च्या दशकात अशा जगत होत्या. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहिलेली होती.

कॅरो न्यूयॉर्कचे. सुरुवातीला इथली माणसं त्यांच्याशी मोकळेपणाने बोलेनात, म्हणून बायकोला घेऊन ते या भागात येऊन राहिले, चांगली तीनेक वर्षं. त्यानंतर म्हाताऱ्या बायका बोलू लागल्या. पाण्याबद्दल, मुख्यतः. कृषी खात्याच्या एका जुन्या पाहणीचा हिशेब कॅरो देतात: पाच माणसांच्या शेतकरी घराला वर्षभर लागणारं पाणी हाताने काढून घरात आणायचं, तर आठ तासांचे ६३ दिवस आणि १७५० मैलांची चाल. किलोमीटरमध्ये अठ्ठावीसशे. आळंदी ते पंढरपूर अशा अकरा वाऱ्या, दर वर्षी, आणि वाटेत ना भजन ना पंगत. त्या बायकांच्या पाठी तरुणपणीच वाकलेल्या असत.

हे मी रात्री दहाच्या सुमारास वाचत होते. डिशवॉशर चालू होता. पुस्तक मिटलं आणि आजीला फोन लावला. तिकडे सकाळ.

आजीच्या जन्माची नोंद नाही, पण घरात सगळे धरतात ती नव्वदीच्या घरात आहे. म्हणजे साधारण कॅरोंच्याच वयाची. (ते १९३५चे. पाचवा खंड अजून यायचा आहे आणि दोघांच्याही बाबतीत मला सारखीच धाकधूक वाटते.) तिला विचारलं, आजी, तुझी विहीर घरापासून किती लांब होती गं?

"लांब कसली, मळ्याच्या बांधापल्याड. पर शेंदायला लागायचं ना. उन्हाळ्यात पोहरा तळाला जाऊन घासायचा."

शेंदणं! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, हंड्यावर कळशी. तिचीही पाठ वाकलेली आहे. मला वाटायचं वयामुळे.

जॉन्सनची गोष्ट तशी सरळ आहे. १९३७ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो खासदार झाला. खेड्यांना वीज देण्यासाठी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आधीच एक सरकारी खातं काढलं होतं. खासगी कंपन्या खेड्यात तारा टाकायला तयार नव्हत्या, म्हणून शेतकऱ्यांनीच सहकारी संस्था काढायची आणि सरकारने तिला कर्ज द्यायचं, अशी व्यवस्था. पण नियम असा की मैलामागे निदान तीन घरं हवीत. हिल कंट्रीत तेवढी घरंच नव्हती. जॉन्सन थेट रूझवेल्टला भेटला आणि अपवाद मिळवून आणला. १९३८ साली आमची ही सोसायटी स्थापन झाली. वर्षभराने, नोव्हेंबर १९३९मध्ये, एक कुटुंब रात्री घरी परतत होतं, तर लांबून घर उजळलेलं दिसलं. आईला वाटलं घराला आग लागली. मुलगी म्हणाली, आई, दिवे लागलेत. त्यानंतर या भागात पोरांची नावं लिंडन ठेवायची लाटच आली म्हणतात.

इथवर वाचून मी जॉन्सनच्या प्रेमात पडले होते. पुढच्या खंडाने ते उतरवलं. १९४८ची सेनेटची उमेदवारी. पक्षाचा उमेदवारही इथे मतदानाने ठरतो. जवळजवळ दहा लाख मतं पडली आणि जॉन्सन ८७ मतांनी जिंकला. मतदान होऊन सहा दिवस उलटल्यावर ॲलिस नावाच्या गावातल्या १३ नंबरच्या पेटीत दोनशे मतं वाढलेली सापडली. मतदारांच्या यादीतली ती वाढीव नावं एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, आणि चक्क वर्णानुक्रमे. म्हणजे लोक मत द्यायला अ-आ-इ करत रांगेत उभे होते! इथले वाचक या प्रसंगाने हादरतात म्हणे. मी नगर जिल्ह्यातली. मला फक्त यादी करणाऱ्याचा आळस खटकला.

मामाला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "आपल्याकडं निदान शाई तरी बदलली असती." मामाचा दर फोनला एक प्रश्न ठरलेला असतो, "तिकडचं राजकारण काय म्हणतंय?" त्याला ट्रम्पबद्दल ऐकायचं असतं. मी त्याला १९४८ सांगते.

खरा धक्का मात्र या खंडांमध्ये नव्हता. ग्रामीण वीज सहकाराबद्दल आणखी काही मिळतं का म्हणून शोधत होते. या अमेरिकन सोसायट्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९६२पासून इतर देशांतही अशा संस्था उभ्या करायला मदत केली, असं एका जुन्या अहवालात होतं. भारतात प्रयोगादाखल पाच संस्था निघाल्या, साठच्या दशकाच्या अखेरीस. गुजरातेत कोडिनार, कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात (आता तेलंगणात) सिरसिल्ला, उत्तर प्रदेशात लखनौजवळ एक. आणि पाचवं नाव मी तीनदा वाचलं. मुळा-प्रवरा.

मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था म्हणजे माझ्या आजोळची लाईट! लहानपणी सुट्टीत लाईट गेली की आजोबा ओसरीवरून जिला शिव्या घालायचे ती मुळा-प्रवरा. थकबाकी वाढत गेली आणि २०११मध्ये वीजवाटप महावितरणकडे गेलं, तोवर आमच्याकडे वीज म्हणजे तीच. आणि तिचं बीज इथलं, माझ्या बिलावरच्या नदीच्या काठचं. तीही दोन नद्यांच्या नावाची. त्या रात्री मला झोप लागली नाही. नवरा म्हणाला, एवढं काय त्यात. तो मुंबईचा, परळचा. त्याच्या घरी लाईट कधी 'आली' हा प्रश्नच कधी पडला नव्हता.

मामाच्या आठवणीप्रमाणे आमच्या वस्तीवर लाईट आली चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरला. आधी विहिरीवर मोटर, मग घरात एक गोळा. आजीला गोळ्याचं फारसं आठवत नाही. मोटर आठवते. "पाणी आपणहून वर आलं," एवढंच म्हणते.

जॉन्सनशी आमच्या घराचा आणखी एक धागा आहे, तो तितका गोड नाही. १९६५ आणि १९६६, भारतात लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला. पी.एल. ४८० कराराखाली अमेरिकेचा गहू येत होता, आणि जॉन्सन, आता राष्ट्राध्यक्ष, त्याची जहाजं स्वतः लक्ष घालून एकेक सोडत होता. भारताने शेतीकडे लक्ष द्यावं हा एक हेतू, आणि व्हिएतनामवरून आपण टीका करतो याचा राग हा दुसरा. एका देशाचं पोट आपल्या मुठीत आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शास्त्रीजींनी लोकांना सोमवारी रात्री जेवण सोडायला सांगितलं ते याच काळात. कॅरोंचे चार खंड १९६४पर्यंतच येतात, त्यामुळे गव्हाबद्दल मला दुसरीकडे वाचावं लागलं. पाचव्यात ते काय लिहितात याची वाट बघते आहे. आजीच्या आठवणीत पासष्ट-सहासष्ट आणि बहात्तरचा दुष्काळ एकमेकांत मिसळून गेलेत. बहात्तरला वॉशिंग्टनात निक्सन होता हे तिला सांगून उपयोग नाही. तिला आठवते रेशनची लाल मिलो ज्वारी. "भाकर थापली की चिरा पडायच्या. गुरं बी तोंड वळवायची."

आणि याच माणसाने, गव्हाची जहाजं अडवण्याच्या त्याच दिवसांत, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी बसून स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. त्याआधी भारतीयांसाठी वर्षाला शंभर जागांचा कोटा होता, तोही १९४६पासून. नव्या कायद्याने जुने वांशिक कोटे गेले. त्याचं त्या दिवशीचं भाषण मी वाचलं. हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, याने लाखो लोकांच्या आयुष्यात फरक पडणार नाही, असं तो म्हणाला होता. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदकांची रांग पार्किंगपर्यंत जाते तेव्हा मला हे वाक्य हटकून आठवतं. आम्ही सगळे इथे आलो ते मार्क, कॅम्पस इंटरव्ह्यू आणि स्वतःच्या हुशारीवर, अशी आमची समजूत. हुशारी असेल. पण तो कायदा झाला त्या वातावरणात आधी अलाबामातल्या पुलावर काळ्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या होत्या आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या मताधिकाराचा कायदा झाला होता. त्यावरही सही जॉन्सनचीच. खासदारकीच्या पहिल्या वीस वर्षांत नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकाच्या विरोधात मत देणारा तो हाच.

या कायद्यातच प्रत्येक देशाला सारखी कमाल मर्यादा ही कल्पना आली. आज ती वर्षाच्या ग्रीन कार्डांच्या सात टक्के आहे. आईसलँडला सात आणि भारतालाही सात. त्यामुळे आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, आणि मुलगी इथे जन्मलेली असल्याने मतदानाचा हक्क घरात आधी तिला मिळेल असं दिसतंय. मी मात्र अमेरिकेत मत दिलेलं आहे! वीज सोसायटीच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीत. बिल माझ्या नावाने येतं, म्हणून मी सभासद. उमेदवारांची माहिती दोनदा वाचून, खुणा करून, मतपत्रिका पाकिटात घालून पाठवली. नवऱ्याने तिचा फोटो काढला.

मागच्या वसंतात जॉन्सन सिटीला जाऊन आलो. घरापासून तास-सव्वा तास. (गावाचं नाव त्याच्यावरून नाही, त्याच्या एका पूर्वजाच्या नातलगावरून आहे.) रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ब्लूबॉनेटची निळी फुलं आणि त्यांच्याखाली चुनखडीचा कातळ. माती पाहून आमच्या जिरायतीची आठवण झाली, वरून हिरवं आणि खाली काही नाही. त्याचं लहानपणचं घर राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलंय. परतीच्या वाटेवर जुन्या वस्तूंच्या दुकानात एक सॅड आयर्न दिसली. घेऊन बघितली, मनगट वाकलं. बारा डॉलर. आता ती आमच्या पुढच्या दाराला अडसर म्हणून असते.

आजीला व्हिडिओ कॉलवर ती दाखवली. सगळं सविस्तर सांगितलं. चूल, उन्हाळा, मंगळवार, वाकलेल्या पाठी, अकरा वाऱ्यांचं पाणी. आजी, अगदी तुझ्यासारखंच गं, असंही म्हणाले. तिने चष्मा सारखा करून इस्त्री नीट पाहिली.

"ही त्यांच्या घरची व्हय?"

"हो. प्रत्येकीकडे दोन-तीन असायच्या."

"दोन-तीन?" ती जरा थांबली. "आम्ही तांब्यात इंगळ घालून फिरवायचो. त्ये बी लगीन असलं तरच." मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "बऱ्या होत्या की मग त्या बाया."