पिवळा दिवा अकरा दिवस लागलेला होता

"आपला एएस/४०० कधी बंद पडत नाही." एएस/४०० म्हणजे आमच्या कारखान्याचं सगळं काम सांभाळणारा आयबीएमचा संगणक. १९९९ साली भोसरीच्या कारखान्यात रुजू झाले त्या दिवसापासून हे ऐकत आले. स्टोअरवाले म्हणायचे, अकाउंट्सवाले म्हणायचे, गेटवर चलन फाडणारेही म्हणायचे. खोटं नव्हतं ते. पण या विश्वासापायीच २००३ च्या गणपतीत कारखान्याचा सगळा डेटा जाता जाता राहिला. नवीन मुलांना हा प्रसंग मी दरवर्षी सांगते, यंदा लिहूनच ठेवते आहे.

आमचं मशीन म्हणजे मॉडेल १७०, टेबलाशेजारी उभं राहील एवढं काळं खोकं. त्यावर साठेक टर्मिनल्स, हिरव्या अक्षरांची. स्टॉक, चलनं, बिलं, पगार, सगळं त्याच एका खोक्यावर. मला या मशीनचं पहिल्यापासून अप्रूप. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरला आयबीएमच्या लोकांनी हे घडवलं आणि २१ जून १९८८ रोजी बाजारात आणलं. पण त्याची मुख्य कल्पना त्याहून दहा वर्षं जुनी, सिस्टिम/३८ या आयबीएमच्याच आधीच्या संगणकातली. यात सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असं काही नसतं. मेमरी आणि सगळ्या डिस्क मिळून एकच सलग जागा. कुठली फाइल कुठे ठेवायची हे आपण ठरवायचं नाही, मशीन तिचे तुकडे सगळ्या डिस्कवर पसरून ठेवतं. त्यामुळे एकाच डिस्कवर ताण येत नाही आणि जागेची वाटणी करत बसावं लागत नाही.

पण एक डिस्क कायमची गेली, तर तिच्यावरच्या चार फाइली जाऊन भागत नाही. जवळजवळ सगळ्याच फाइलींना भोकं पडतात. म्हणून रेड-५ नावाची डिस्कच्या बचावाची सोय लावलेली असते. एक डिस्क गेली तरी तिच्यावरचा मजकूर बाकीच्यांवरून काढता येतो आणि काम चालू राहतं. कोणाला पत्ताही लागत नाही, आणि घात तिथेच होतो. त्या अवस्थेत दुसरी डिस्क गेली की सगळंच गेलं.

त्या वर्षी मी गणपतीला गावी गेले होते, संगमेश्वरकडे. परत आले तो मंगळवार. सर्व्हर रूमचं दार उघडलं तर पॅनेलवरचा पिवळा अटेन्शनचा दिवा लागलेला. ऑपरेटरच्या मेसेज क्यूमध्ये, म्हणजे मशीनचे निरोप जिथे रांगेने साठतात त्या क्यूसिसऑपरमध्ये, हजारांवर निरोप साचलेले. बहुतेक सगळे प्रिंटरचे: कागद बदला, फॉर्म सरळ बसलाय का बघा, उत्तर द्या. खाली खाली जात राहिले तेव्हा सापडलं. एक डिस्क बंद पडली आहे, संरक्षण उरलेलं नाही. तारीख अकरा दिवसांपूर्वीची. आणि तोच निरोप पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

माझ्या जागी बसलेल्या मुलाने क्यूचे निरोप स्क्रीनवर येणं बंद करून टाकलं होतं. प्रिंटरच्या कटकटीमुळे त्याला काम सुचत नव्हतं. मी त्याला बोलले नाही. कुठला निरोप कटकटीचा आणि कुठला जिवावरचा, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. मधल्या गुरुवारचा पूर्ण बॅकअप मात्र त्याने न चुकता घेतला होता. भोसरीत गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, म्हणून सगळे युजर बाहेर काढून ऑप्शन २१, म्हणजे पूर्ण सिस्टिमचा बॅकअप, चालवायचा आमचा दिवस तोच.

सर्व्हिस इंजिनिअरला फोन केला. डिस्क उद्या सकाळी येईल म्हणाले. मी प्लांट हेडकडे गेले.

"साहेब, आत्ता सगळे लोक बाहेर काढून पूर्ण बॅकअप घ्यायचाय. चार तास लागतील."

"मॅडम, गाड्या गेटवर उभ्या आहेत. चालतंय ना मशीन?"

"चालतंय. पण उद्यापर्यंत चालेल याची खात्री मी नाही देऊ शकत."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक तास देतो." तासाभरात पूर्ण सिस्टिम होत नाही. मी टर्मिनल्सवरचं काम ज्यात चालतं ती इंटरॅक्टिव्ह सबसिस्टिम थांबवली, फक्त डेटाच्या लायब्ररी, म्हणजे फाइलींचे गठ्ठे, टेपवर घेतल्या, बावन्न मिनिटांत. रात्री पावणेदोनला वॉचमनचा फोन आला: ताई, सगळे स्क्रीन अडकलेत, सेकंड शिफ्टचं शेवटचं चलन निघत नाही. दुसरी डिस्क गेली होती. डिस्क कुठल्याही मशीनची जाते, त्यात त्या मशीनचा दोष नाही. त्याने अकरा दिवस सांगितलं होतं.

बुधवारी दोन डिस्क बसल्या, पॅरिटी, म्हणजे रेड-५ चं संरक्षण, नव्याने सुरू केली आणि टेप लावली. आधी मशीनचा अंतर्गत कोड, मग ऑपरेटिंग सिस्टिम, मग युजर प्रोफाइल (वापरणाऱ्या प्रत्येकाची नोंद), कॉन्फिगरेशन, मग लायब्ररी. प्रोफाइल लायब्ररींच्या आधी, कारण फाइल असो की प्रोग्राम, या मशीनवरच्या प्रत्येक वस्तूला मालक लागतो, मालकच नसेल तर ती नावावर कोणाच्या लावायची? कोणाला काय बघायची परवानगी, ते सगळ्यात शेवटी. सिस्टिम गुरुवारच्या टेपवरून, डेटा मंगळवार संध्याकाळच्या. गुरुवारी पहाटे पाच वाजता साइन-ऑनचा स्क्रीन आला तेव्हा तो मुलगा माझ्या शेजारीच होता, दोन रात्री घरी गेला नव्हता. मधली चलनं गेटवरच्या कार्बन कॉपीवरून हाताने भरली.

त्यानंतर पहिलं काम केलं ते रिप्लाय लिस्टचं. प्रिंटरच्या अलाइनमेंटच्या निरोपाला मशीनने आपोआप उत्तर द्यावं अशी नोंद घातली, आणि क्यू रिकामी झाली. आता क्यूमध्ये काही आलं की ते वाचण्यासारखंच असतं. हे मी चार वर्षं आधी करायला हवं होतं.

रोज सकाळी आठला बघायच्या गोष्टी रजिस्टरात मराठीत लिहिल्या: पॅनेलचा दिवा, क्यू, डिस्कची स्थिती, जागा किती टक्के भरली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रात्रीच्या बॅकअपची शेवटची ओळ. जॉब संपला एवढं बघून पुढे जायचं नाही. इतक्या वस्तू सेव्ह झाल्या, इतक्या नाही झाल्या, असं मशीन लिहितं. 'नाही झाल्या' पुढचा आकडा शून्य नसेल तर कारण शोधायचं. आमच्याकडे एक कारकून संध्याकाळी स्क्रीन उघडा टाकून घरी जायचे. एक फाइल त्यांच्या नावाने लॉक राहायची आणि महिनाभर ती टेपवर गेलीच नव्हती. टेपवरचं लेबल वाचता येतं म्हणजे टेप चांगली, असंही नाही. म्हणून दर तिमाहीला एक लायब्ररी वेगळ्या नावाने परत उतरवते आणि तिचे रेकॉर्ड मोजते.

आता ते १७० नाही. आयबीएम आय, म्हणजे एएस/४०० च्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आजचा अवतार, चालणारं आयबीएमचं पॉवर मशीन आहे. १९९६ साली आमच्याकडच्या एका गृहस्थांनी आरपीजी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला चलनाचा प्रोग्राम त्यावर आजही चालतो. या घराण्यात प्रोग्राम प्रत्यक्ष प्रोसेसरसाठी बनत नाही, मधल्या एका थरासाठी बनतो. १९९५ साली ४८ बिटांवरून ६४ बिटांच्या प्रोसेसरवर उडी मारली तेव्हाही, गरजेची माहिती प्रोग्रामात शिल्लक असेल तर मशीन तो स्वतःच नव्याने भाषांतरित करून घेत असे. इतका जुना प्रोग्राम बिनतक्रार चालताना बघून मला आजही आनंद होतो.

मात्र कोऱ्या मशीनवर सगळी सिस्टिम उभी करणं आम्ही आजवर एकदाच केलंय, त्या दोन रात्रींत, नाइलाजाने. दुसरं मशीन भाड्याने घेऊन एकदा सराव करू द्या, असं मी वर्षानुवर्षं लिहून देत होते. यंदा दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस मंजूर झालेत. पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होते आहे, आणि तो मुलगा आता माझी जागा घेणार आहे. टेप तो लावणार, कमांड तो देणार, रजिस्टर तो उघडणार. मी बाजूच्या खुर्चीत बसणार आहे, आणि त्याने विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही असं आमचं ठरलंय.