चौकातली गोल फरशी आणि केरसुण्यांचा रविवार

इटलीतल्या ट्रिएस्टेहून सकाळची ट्रेन पकडून गोरिझियाला उतरले आणि बस न घेता चालतच निघाले, गाव पार करायला पाऊण तास तरी लागला. शेवटी एकदम मोठा मोकळा चौक येतो, समोर १९०६ सालचं ऐटदार रेल्वे स्टेशन आणि चौकाच्या मधोमध जमिनीत बसवलेली एक गोल फरशी, बस्स एवढीच काय ती बॉर्डर. मागे इटलीतलं गोरिझिया, पुढे स्लोव्हेनियातलं नोव्हा गोरित्सा. एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून मी बराच वेळ उभी होते, मला कोणी हटकलं नाही.

१९४७ मध्ये सीमा आखली तेव्हा जुनं गाव इटलीकडे राहिलं आणि हे स्टेशन, आजूबाजूची खेडी, शेतं युगोस्लाव्हियात गेली, स्लोव्हेनिया तेव्हा त्याचाच भाग होता. मग युगोस्लाव्हियाने पलीकडे शेतजमिनीवर नवीन शहरच वसवायला घेतलं. पण नातेवाईक? ते तर दोन्हीकडे वाटले गेलेले. १३ ऑगस्ट १९५०, रविवार, पलीकडची हजारो माणसं सीमा ओलांडून गोरिझियात घुसली, आपल्या माणसांना भेटली, आणि घरी मिळत नसलेल्या वस्तू घेऊन परतली, त्यात सगळ्यात जास्त केरसुण्या! अजूनही त्या दिवसाला केरसुण्यांचा रविवार म्हणतात. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं खरंच, साध्या केरसुणीसाठी माणसाला सीमा ओलांडावी लागते.

चौकातलं कुंपण २००४ मध्ये निघालं, २००७ मध्ये स्लोव्हेनिया शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आला. पण माझ्या मते खरं काम त्यानंतरचं आहे. २०११ मध्ये गोरिझिया, नोव्हा गोरित्सा आणि शेजारचं शेम्पेतर-व्हर्तोइबा या तीन पालिकांनी मिळून एकच संस्था काढली, युरोपियन फंडातून नदीकाठी सायकल ट्रॅक केले, दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकत्र बसवलं. २०२५ मध्ये गोरिझिया आणि नोव्हा गोरित्सा मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले, त्याची खूप चर्चा झाली, पण आजारी माणसाला आणि सायकलवाल्याला सोय होणं मला जास्त मोलाचं वाटतं.

कोविडमध्ये २०२० साली याच चौकात परत जाळी उभी राहिली होती, लोक जाळीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून गप्पा मारत बसायचे म्हणे. आणि ऑक्टोबर २०२३ पासून इटलीने सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केलीये. संध्याकाळी परतताना मोठ्या रस्त्यावर पोलिसांनी एक बस बाजूला घेतलेली दिसली, आत शाळेची मुलं होती, दप्तरं मांडीवर घेऊन गप्प बसलेली.