अगो, तो तायकिळो नव्हे!

यंदा चवथीला गोव्यात, डिचोलीला मावशीकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाने जरा उघडीप दिली, तशा आम्ही दोघी मये तळ्याच्या वाटेला लागलो. रस्त्याच्या कडेला कमरेएवढं रान माजलेलं, त्यात जागोजाग पिवळी फुलं.

"केवढा टाकळा हा! भाजीला न्यायचा का?" मी हात पुढे केला.

"अगो, तो तायकिळो नव्हे!" टाकळ्याला तायकिळो म्हणणाऱ्या मावशीने माझा हात धरला. "पान नीट बघ आधी."

मी खाली बसून बघितलं. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, तीनच जोड्या, टोकाला गोलसर. इथे चार-पाच जोड्या होत्या आणि प्रत्येक पर्णिका टोकदार. खरी खूण देठाच्या अगदी बुडाशी, जिथे पान खोडाला चिकटतं तिथे: मोहरीएवढी काळपट, चकचकीत गाठ. ती ग्रंथी. टाकळ्यात ग्रंथी असते ती वर, पर्णिकांच्या जोडीमध्ये. शेंगांवरूनही चटकन कळतं. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, धनुष्यासारखी वाकलेली. ही चपटी, किंचित वर वळलेली, मध्ये तपकिरी आणि दोन्ही कडांना फिकट पट्टी.

हा कासविंदा. मूळचा उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचा. वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली त्याला 'ऑक्सिडेंटालिस', म्हणजे पश्चिमेकडचा, असं नाव दिलं. काजूही तिकडचाच, पण काजू माणसाने हौसेने लावला. कासविंद्याला कोणी लावावं लागत नाही, उकरलेली माती आणि रस्त्याची कड त्याला पुरते.

तेवढ्यात एक काळा भुंगा फुलावर येऊन बसला. या फुलात मध नसतो, फक्त पराग, आणि तेही परागकोशाच्या टोकाच्या भोकातूनच बाहेर पडतात. भुंग्याने कोश पकडले आणि त्याची गुणगुण एकदम चढ्या सुरात गेली. त्या थरथरीने पराग मिठाच्या डबीतून मीठ सांडावं तसे त्याच्या पोटावर सांडतात. मी श्वास रोखून बघत होते. इतक्या जवळून हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण मावशीने हात धरला तो उगाच नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं लहान मुलं अचानक बेशुद्ध पडून दगावत होती आणि तो मेंदूज्वर समजला जात होता. बिजनोरचे बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ, विषाणूतज्ज्ञ टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली दाखवून दिलं, की हे विषाणूचं काम नव्हे. मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्ही बिघडतात. काही देशांत याच्याच बिया भाजून कॉफीसारख्या पितात, हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसेना. मुलं मात्र शेंग कच्चीच खातात, आणि ती दिसतेही वाल-चवळीच्या भावंडासारखी.

खऱ्या तायकिळ्याची भाजी जूनमधली, कोवळ्या पानांची, फणसाच्या बिया आणि ओलं खोबरं घालून. पुढच्या पावसाळ्यात तेवढ्यासाठी येईन असं मावशीला कबूल केलंय.

परतताना अंगणाच्या गडग्यापाशी कासविंद्याची तीन रोपं दिसली. चवथीला जमलेली पोरं तिथेच खेळत होती. शेंगा अजून हिरव्या होत्या. माती ओली, त्यामुळे रोपं मुळासकट सहज निघाली. मावशीने धाकट्या नातवाला जवळ बोलावून देठाच्या बुडाची ती काळी गाठ बोटाने दाखवली.

"ही दिसली की तोंडात घालायचं नाही. कळलं?"

त्याने गाठीवर नख लावून पाहिलं आणि धावत जाऊन दुसऱ्या पोरांना घेऊन आला.