ताज्या बातमीचा ताप

मलाकल, दक्षिण सुदान
रविवार, रात्र

आज रेंज बरी होती, त्यामुळे फोन घरात सगळ्यांच्या हातातून फिरला. आईकडे गेला की मला तिचा चेहरा दिसतच नाही. व्हिडिओ कॉल आहे हे तिला ठाऊक आहे, पण ऐकायचं तर फोन कानालाच लावायचा, हे तिचं पक्कं. मग बोलणं संपेपर्यंत पडद्यावर एक कान, कानामागची पांढरी बट, मध्येच नुसता अंधार. पूर्वी मी म्हणायचो, "आई, फोन समोर धर." आता म्हणत नाही. कानाशी थापा मारणं सोपं जातं.

थापा म्हणजे काय, तर "इकडे सगळं शांत आहे." संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतली आमची गस्तीची गाडी चिखलात रुतली आणि आम्ही अंधार पडेपर्यंत ती ढकलत होतो, एवढं फक्त वगळायचं. इथली माती काळी, कापसाच्या जमिनीसारखी. पावसाळ्यात ती अशी फुगते की रस्ते कित्येक महिने बंद पडतात. मग जायचं ते नाईलवरून होडीने, नाहीतर हेलिकॉप्टरने. हे आईला सांगितलं तर तिला त्यातलं हेलिकॉप्टर तेवढं ऐकू येईल.

ती तरी कुठे सगळं सांगते! गुडघ्याचं मला धाकट्या भावाकडून कळलं.

बुधवार, पहाट

झोप नाही. धाकट्या लेकीला ताप आहे.

इथे रात्रीचे नऊ म्हणजे घरी साडेबारा. २०२१ च्या फेब्रुवारीत या देशाने आपली घड्याळं तासभर मागे घेतली. त्याआधी इथे राहून गेलेले अडीच तासांचा फरक सांगतात, आमच्या वाट्याला साडेतीन आला. तो एक तास फार नडतो. माझी ड्यूटी संपते तेव्हा घरी निजानीज झालेली असते. म्हणून नऊला फोन वाजला तेव्हाच पोटात गोळा आला.

"अहो, जागे आहात ना?" एवढं म्हणून बायकोने थर्मामीटरच कॅमेऱ्यापुढे धरलं. १०३. औषध देऊन झालं होतं, कपाळावर पट्ट्या चालू होत्या, डॉक्टरांशी बोलणंही झालं होतं. मला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी मी म्हणालोच, "पट्ट्या ठेव." ती "हो" म्हणाली. मला काहीतरी सांगता यावं म्हणूनच तिने ते ऐकून घेतलं.

आमचं इंटरनेट उपग्रहावरून येतं. उपग्रह ३६,००० किलोमीटर वर. आवाज तिथे जाऊन खाली उतरायला पाव सेकंद लागतो, उत्तर यायला तेवढाच आणखी. ऐकायला काहीच नाही, पण घाईत बोलणारी दोन माणसं सतत एकमेकांवर आदळतात. "तू बोल." "नाही, तुम्ही बोला." यातच निम्मा कॉल गेला. मग चित्र थिजलं. पोरीचं तोंड अर्धवट उघडं, डोळ्यांच्या फटी, आणि वर गोल फिरणारं चक्र. दहाला मला पहाऱ्यावर उभं राहायचं होतं आणि पहाऱ्यावर फोन न्यायचा नसतो. फोन खोलीत ठेवला, पट्टा आवळला, निळं हेल्मेट चढवलं आणि निघालो.

दोन तास समोर काळोख आणि डोक्यात १०३. परतलो तेव्हा मेसेज होता : "उतरतोय. झोपा आता."

गुरुवार

काल दिवसभर एकच विचार. माझ्या जागी पत्रांच्या काळातला जवान असता तर त्याला काय कळलं असतं? "मधे ताप येऊन गेला, आता खेळते आहे." बस्स. बातमी वाटेत शिळी व्हायची आणि तिचा काटा वाटेतच मोडायचा. आम्हाला ती काट्यासकट, गरमागरम मिळते, आणि हात मात्र तेवढेच बांधलेले. आता व्हिडिओ कॉल आहेत, दूर असल्यासारखं कुठे वाटतं, असं ऐकवणाऱ्यांना चालू कॉल तोडून कधी पहाऱ्यावर जावं लागलेलं नसतं.

जुनं सगळं छान होतं असं मुळीच नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात एक छापील पोस्टकार्ड मिळे. "मी बरा आहे", "मला इस्पितळात दाखल केलं आहे" अशी वाक्यं तयार, लागू नसतील ती खोडायची, खाली सही आणि तारीख. त्यापलीकडे काही लिहिलंत तर कार्ड नष्ट केलं जाईल, अशी तंबीही त्याच्यावरच छापलेली. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही वेगळं काय बोलता?"

फ्रान्सच्या आघाडीवरच्या हिंदुस्थानी शिपायांची पत्रं तर सेन्सॉरच्या टेबलावरून जात. त्यातल्या काहींनी आपल्या माणसांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणून घरी खुशाली कळवली. सेन्सॉरला ते उमगायचंच, पण पत्रं लिहिणं काही थांबलं नाही.

आमच्यावरची बंधनं निराळी. तळाचा फोटो नाही, कुठे जाणार ते नाही, कधी जाणार ते तर नाहीच. २०१८ च्या जानेवारीत स्ट्रावा या व्यायामाच्या ॲपच्या नकाशावर परदेशांतले लष्करी तळ उजळून दिसले होते, कारण जवान मनगटावर घड्याळ बांधून कुंपणाच्या कडेने धावत होते. तेव्हापासून धावताना मी कितीला कितवी फेरी मारली हेही कुणाला सांगत नाही. तसं कुणी विचारतही नाही म्हणा.

फोन अचानक बंद पडले की घरी काय होतं, हे बायकोने एकदा सांगितलं होतं. अनेक सैन्यांत रीत आहे की तळावर कुणी दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, तर त्याच्या घरी रीतसर कळेपर्यंत सगळ्यांचाच बाहेरचा संपर्क तोडायचा. हे तिने कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून माझा फोन लागला नाही की ती तेच धरून बसते. खरं तर दहातल्या नऊ वेळा वादळ असतं, नाहीतर जनरेटर. आता आमचं ठरलंय : दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही कळलं नाही तरच काळजीला सुरुवात करायची. ती पाळते असं मला वाटत नाही.

तळाला लागूनच विस्थापितांची छावणी आहे. २०१३ च्या डिसेंबरात यादवी पेटली तेव्हापासून लोक आश्रयाला आले, त्यातले कित्येक मागे गेलेच नाहीत. त्यांची माणसं कुणी खार्टूमला, कुणी नदीपलीकडे, कुणी कुठे ते माहीतही नाही. इंटरनेट मंद आहे म्हणून कुरकुर करताना ती छावणी नजरेसमोर असते, तरी मी करतो.

शनिवार, मध्यरात्र

पोरगी बरी आहे. पेन्सिल हरवली म्हणून बहिणीशी भांडत होती. अर्धा कॉल त्या भांडणात गेला आणि मला तेच हवं होतं. फोन या असल्या गोष्टींसाठीच असावा, असं मला आणि बायकोला दोघांनाही पटलंय. पेचाची गोष्ट असेल तर लिहून पाठवायची. समोरच्याला ती एकट्याने वाचायला आणि चिडायला वेळ मिळतो, आणि चित्र थिजण्याची भीती नाही.

आज तसंच एक लिहायचंय. माझी सुट्टी पुढे गेली. बदली तुकडीच्या विमानाची तारीख सरकली, कारण तेवढंच. आत्ता घरी पहाटेचे चार. ती सहाला उठेल, वाचेल. संध्याकाळी फोन लावीन तोवर राग बराचसा ओसरलेला असेल, निदान भांडण्याइतपत तरी. रेंज राहिली तर भांडू. आईला कुणी सांगायचं ते तिलाच ठरवू दे.