ऐकायचा टीव्ही

आमच्या सासूबाई टीव्हीकडे पाठ करून टीव्ही बघतात. सोप्यात खांबाला टेकून, पुढ्यात सूप घेऊन त्या तांदूळ निवडत बसलेल्या असतात आणि मालिका त्यांच्या मागे चालू असते. काही काम सांगायला गेलं की म्हणतात, "थांब गे, बघूलालोय." सुनेनं सासऱ्यांना चहात काय घालून दिलं, कोण कुणाच्या दारामागे उभं राहून ऐकतंय, हे सगळं त्यांना मान न वळवता कळतं. कधीतरीच, एखादी बाई फार वेळ गप्प राहिली तर, वळून बघतात. मेली की काय, ते बघायला.

ही सवय मागाची. आमचं घर बेळगावला लागून असलेल्या शहापुरात. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा पट्टा. मामंजी हातमागावर साड्या विणायचे आणि सासूबाई शेजारी रहाटावर कांड्या भरायच्या. हात सुतात, डोळे सुतावर. रिकामे होते ते फक्त कान, म्हणून रेडिओपासून भांडणापर्यंत सगळं त्या कानांनीच बघत आल्या. तेही मागाच्या खटखटाटातून. आता आमच्याकडे हातमाग नाही, पण डाव्या हाताच्या शेजाऱ्यांकडे यंत्रमाग आहेत आणि ते सुरू झाले की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. पाहुण्यांना वाटतं भांडण चाललंय.

तर टीव्ही. जुना एकवीस इंची डबा बावीस वर्षं चालला. शेवटची दोन वर्षं त्याच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा डाग पडला होता आणि त्या बाजूला येणारा प्रत्येक माणूस आजारी दिसायचा. सासूबाईंना त्याची काही अडचण नव्हती. अडचण मुलाला होती. "लोक काय म्हणतील आई, मित्र येतात घरी." मित्र येतात आणि आपापल्या मोबाइलमध्ये बघत बसतात, हे मी बोलले नाही.

घ्यायचा ठरला तो गेल्या गणपतीत. पण ह्यांनी पेपरात वाचलं की बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर येणार. म्हणजे मूळ किंमत वीस हजार असेल तर पंचवीस हजार सहाशेचा टीव्ही तेवीस हजार सहाशेला. दोन हजारांसाठी आमचं घर महिनाभर त्या हिरव्या डागाबरोबर राहिलं. नेमकी त्याच दिवशी घटस्थापना होती, मग म्हटलं आता दसऱ्यालाच. सोनं लुटायचं, सीमोल्लंघन करायचं आणि टीव्ही आणायचा. सीमोल्लंघन म्हणजे आमच्यापुरतं कपिलेश्वर उड्डाणपूल ओलांडून बेळगावात जाणं. हसू नका. शहापूर एके काळी सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडे. खडेबाजारसुद्धा तिकडे एक आणि इकडे एक. आमच्या सासूबाई अजूनही "बेळगावाला जाऊन येतो" असं म्हणतात, जणू मुक्कामाला निघाल्यात.

निघण्याआधी मापाचा गोंधळ. देवळी आणि खिडकी यांच्यामधली भिंत साडेतीन फूट. ह्यांनी टेप लावला, त्रेचाळीस इंच मोजले आणि जाहीर केलं, "बसत नाही. बत्तीसच घ्यायचा." मुलानं कपाळावर हात मारला. ते इंच कर्णाचे असतात. त्रेचाळीस इंची टीव्हीची रुंदी प्रत्यक्षात पंच्याण्णव सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तीन फूट आणि वर दोन बोटं. तिरका मोजायचा, सरळ टांगायचा आणि आडवा आहे म्हणून विकायचा, असा हा जिन्नस. मुलाला पंचावन्न हवा होता. तो चार फूट रुंद. त्यासाठी देवळीतला दिवा हलवावा लागला असता, तेव्हा तो विषय सासूबाईंनी एका नजरेत मिटवला.

दुकानात गेलो तर तीन भिंती भरून टीव्ही आणि सगळ्यांवर तोच लाल-निळा पोपट. मग तोच धबधबा. मग कुणीतरी पाण्यात रंग सोडतंय. विकणारा मुलगा कन्नडमध्ये सुरू झाला, आमचे चेहरे बघून मराठीवर आला आणि माहिती सांगताना हिंदीत गेला. पण चांगला मुलगा होता. फुल एचडीत वीस लाखांवर ठिपके असतात आणि फोर-केमध्ये त्र्याऐंशी लाखांच्या आसपास, हे त्याला पाठ होतं. एलईडी म्हणतात तो खरा एलसीडीच, फक्त मागून उजेड एलईडीचा; ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका आपला आपण उजळतो म्हणून काळा रंग खरा काळा दिसतो आणि किंमतही तशीच दिसते. हे मुंडी हलवत ऐकत होते. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं,

"आवाज कसा हाय गा?"

मुलगा थांबला. त्या तीन भिंतींवर मिळून तीसेक टीव्ही चालू होते आणि एकाचाही आवाज नव्हता. धबधबा मुका, पोपट मुका. माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. त्यानं एकाचा आवाज वाढवून दाखवला, पण धबधब्याचा आवाज कसा आहे हे कोण सांगणार? सासूबाई म्हणाल्या, "माणसं लाव की." माणसं बोलत असलेलं काही त्याच्याकडे नव्हतं. शेवटी त्यानं आपला मोबाइल जोडून बातम्या लावल्या. सासूबाईंनी सवयीनं टीव्हीकडे पाठ केली आणि ऐकलं. "डब्यात बोलल्यासारखं येतंय," म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. जुन्या डब्याला पोट होतं आणि त्या पोटात स्पीकरला जागा होती, शिवाय स्पीकरचं तोंड आपल्याकडे असायचं. नव्याची जाडी बोटभर. त्याचे स्पीकर खालच्या कडेला, जमिनीकडे तोंड करून बसवलेले. चित्र तुमच्याकडे बघून हसतं आणि आवाज मान खाली घालून बोलतो. वेगळा साउंडबार घ्या म्हणे. त्याचे आणखी सात हजार. ह्यांनी दोन हजारांसाठी महिनाभर कळ काढली होती, सात हजार ऐकून ते पुन्हा पोपट बघायला लागले.

त्रेचाळीसचाच घेतला. टेम्पोत खोकं उभंच ठेवायचं, आडवं टाकायचं नाही, एवढी सूचना घेऊन आलो. येताना मुलानं ते मिठी मारल्यासारखं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला बसवायला. पोरगा गोकाककडचा, ड्रिल मशीन, पिशवी, तोंडावर रुमाल. आमची भिंत जुनी, मातीच्या विटांची, दोन हात जाड. वर चुन्याचे इतके थर की सोललं तर चार पिढ्यांची दिवाळी निघेल. त्यानं पेन्सिलीनं चार खुणा केल्या आणि ड्रिल लावलं. भिंतीतून लाल माती अशी भुरूभुरू खाली यायला लागली की मी परात आणून धरली. प्लॅस्टिकचा गट्टू आत घातला तर तो जागच्या जागी फिरायला लागला. दुसरं भोक. तोच प्रकार. तिसरं पाडल्यावर आतून एक मुंगळा बाहेर आला, आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेला. पोरानं रुमाल खाली केला आणि म्हणाला, "ग्वाडी गट्टी इल्री अक्का." भिंत घट्ट नाही. गट्टी आणि घट्ट, काय ते समजायला दुभाषा लागला नाही.

सासूबाईंना मात्र राग आला. "शंभर वर्षं उभी हाय ती. ह्याला सात किलोचा टीव्ही पेलंना म्हणे."

मग टेबल. टेबलावर ठेवायला टीव्हीला दोन पाय दिलेले असतात, पण ते कुठे असावेत? मध्यभागी नव्हे, अगदी दोन टोकांना. जुना डबा ठेवायचा आमचा घडवंचीवजा स्टँड दोन फुटी. त्यावर नवा ठेवला तर दोन्ही पाय हवेत, नदीच्या दोन काठांवर उभं राहिल्यासारखे. पोरगं घाईत होतं, त्याला अजून वडगावात दोन ठिकाणी जायचं होतं. त्यानं माझी सही घेतली आणि गेलं. आम्ही चौघं टीव्ही भिंतीला टेकवून त्याच्याकडे बघत बसलो. चालू करायचं कुणाला सुचलं नाही.

सासूबाई उठल्या. माडीवर गेल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्या माडीवर पायही ठेवत नाहीत. वरून हाक आली, "कोणतरी या रे." माडीवर अडगळीत मामंजींची मागाची फळी होती. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणकर बसतो ती. माग विकला तेव्हा घेणाऱ्यानं फळी नेली नाही की ह्यांनी दिली नाही, कोण जाणे. फणसाची, चार फुटी, मध्ये घासून गुळगुळीत झालेली आणि किंचित खोलगट. मुलानं ती खाली आणली. मी ओल्या फडक्यानं पुसली तर लाकूड मधासारखं वर आलं. स्टँडवर फळी आडवी टाकली, फळीच्या दोन टोकांना टीव्हीचे दोन पाय. बसला.

चालू केल्यावर पडद्यावर पहिला प्रश्न आला, भाषा कोणती? आता आमच्या सीमाभागात हा प्रश्न असा उभ्या उभ्या विचारायचा नसतो. १९५६ पासून त्यावर मोर्चे निघालेत, आयोग बसलाय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. मुलानं दोन सेकंदांत इंग्लिश दाबलं आणि पुढे गेला. ह्यांनी तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं.

भाषेचा टीव्हीशी आमच्या घरात जुना संबंध आहे. मामंजींनी पहिला टीव्ही १९८७ साली रामायणासाठी घेतला, ब्लॅक अँड व्हाइट, सरकत्या दारांचा. रविवारी सकाळी घरचे माग बंद आणि गल्ली सोप्यात. रामायण यायचं, पण मराठी काही यायचं नाही. मामंजींचा हिशोब सरळ होता. मराठी कोल्हापूरला आहे, तर अँटेना कोल्हापूरकडे वळवू. कौलांवर ते, दारात सासूबाई. वरून "आलं काय?" खालून "मुंग्या!" असा कार्यक्रम दोन पावसाळे चालला. कोल्हापूर इथून शंभर किलोमीटरच्या पुढे, छोट्या केंद्राचं प्रक्षेपण एवढं कुठलं पोचायला? पण ही गोष्ट मामंजींना कुणी सांगितली नाही, किंवा सांगितली असेल तर त्यांनी ऐकली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाही अँटेना कोल्हापूरकडेच तोंड करून होती. खाली केबल आली होती तरी.

आता अँटेना गेली, पॅक आले. २०१९ पासून आपले चॅनेल आपण निवडून पैसे भरायचे असं झालं, तेव्हा केबलवाल्यानं पत्ता बघून आम्हाला कन्नड पॅक लावून दिलं होतं. मराठी वेगळं मागून घ्यावं लागलं. आता मुलगा यूट्यूबवर लावून देतो तर तिथे मालिका मराठी आणि मधली जाहिरात कन्नड. सासूबाईंना त्या जाहिराती पाठ आहेत. साबणाची एक त्या अगदी चालीत म्हणतात. कांड्या भरायला येणाऱ्या निम्म्या बायका कन्नड बोलायच्या, त्यामुळे त्यांचा कान दोन्हीकडे उघडा.

चित्राचं फार सांगत नाही. पहिल्या दिवशी बातम्या देणारी बाई हळद लावल्यासारखी दिसत होती, कारण दुकानातला भडक मोड तसाच होता. तो बदलून सिनेमाचा केला तेव्हा तिला माणसाचा रंग आला. एक 'मोशन' काहीतरी होतं, त्यानं जुना पिक्चर काल शूट केल्यासारखा गुळगुळीत सरकायचा. तेही बंद केलं. केबलच्या जुन्या बॉक्सचं चित्र एवढ्या मोठ्या पडद्यावर ताणून लोकांची नाकं विरघळतात, तेव्हा बॉक्स बदलून एचडीएमआयची वायर लावावी लागली. त्याचे पैसे निराळे.

पण आवाज. पहिल्याच संध्याकाळी मी भीत भीत सासूबाईंना विचारलं. शेजारचे माग चालू होते. त्या पाठ करून लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "दुकानात होता त्यापेक्षा बरा हाय. हा तोच काय?" तोच होता. मुलाचं म्हणणं, भिंतीवर टांगला असता तर खाली तोंड केलेला आवाज हवेत गेला असता, आता तो फळीवर आपटून पुढे येतो. असेल. हे म्हणाले, आपल्या मातीच्या भिंतींत आवाज घुमत नाही म्हणून. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत.

परवा दुपारी वीज गेली. माग थांबले की आमच्या गल्लीत जी शांतता होते तिच्यात कानाला दडे बसल्यासारखं वाटतं. तासाभरानं वीज आली. माग सुरू व्हायला अजून थोडा वेळ होता. मुलानं टीव्ही लावला, मित्राला पडदा दाखवायला तो दुकानातलाच धबधबा शोधून काढला आणि आवाज मोठा केला. मी स्वयंपाकघरात होते. सोप्यातून सासूबाईंची हाक आली,

"पाऊस लागला गे! कपडे काढ वरचे!"

मी कणकेच्या हातानं जिना चढून गच्चीवर गेले. ऊन रखरखीत होतं. कपडे वाळून कडक झाले होते. खाली शेजाऱ्यांचा पहिला माग सुरू झाला, मग दुसरा.